आधी पदरमोड, मग अनुदान

परदेशातल्या वैज्ञानिक परिषदेला जाण्यासाठी ट्रॅव्हल ग्रँट, म्हणजे प्रवासाचं अनुदान, मंजूर झाल्याचं पत्र आलं की अभिनंदनाची पहिली ओळ सोडून थेट शेवटचा परिच्छेद वाचावा. पैसे कधी आणि कसे मिळणार, ते तिथे असतं. मला आलेल्या पत्रात तिथे लिहिलं होतं की परिषद संपल्यावर मूळ बोर्डिंग पास, तिकिटाची पावती आणि बाकीच्या खर्चाची बिलं पाठवावीत. पडताळणी झाल्यावर रक्कम खात्यात जमा होईल. म्हणजे तिकीट मी काढायचं, विमा मी उतरवायचा, व्हिसाचा खर्च मी करायचा, आणि सगळं उरकून परत आल्यावर हिशेब मांडायचा. याच योजनेच्या पात्रतेचं पहिलं कलम असं होतं की अर्जदाराकडे प्रवासासाठी दुसरं कुठलंही आर्थिक साधन नसावं.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. विषय भूजलातलं फ्लोराइड: ते खडकातून पाण्यात कसं उतरतं, कुठल्या थरात साठतं, विहीर खोल केली की वाढतं की घटतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची आहे, आणि ती ओलांडणारं पाणी पिणारी माणसं बहुतेक गरीब देशांतली आहेत. त्यावरच्या मोठ्या परिषदा मात्र भरतात युरोपात नाहीतर अमेरिकेत. शोधनिबंध काय, कुठूनही वाचता येतात. पण निबंधात यशस्वी झालेलंच छापून येतं. नमुना कसा बिघडला, कुठलं प्रारूप (मॉडेल) चाललं नाही, कोण आता हा विषय सोडून दुसरीकडे वळलंय, हे कळायला माणसं भेटावी लागतात.

हे काही माझं शहाणपण नव्हे. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम १९५१ मध्ये केंब्रिजहून लाहोरला शिकवायला परतले आणि बोलायला समविषयी माणूस नाही म्हणून १९५४ मध्ये पुन्हा केंब्रिजला गेले. देश सोडल्याशिवाय भौतिकशास्त्र करता येऊ नये ही गोष्ट त्यांना इतकी लागली की १९६४ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्टला त्यांनी सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. तिथल्या असोसिएट योजनेची कल्पना मला आजही फार पटते: माणसाने नोकरी आपल्याच देशात करावी, पण ठरावीक वर्षांच्या मुदतीत अधूनमधून तिथे येऊन राहावं, काम करावं, परत जावं. एका परिषदेपुरतं अनुदान हे त्या कल्पनेचं खूपच लहान रूप. तेवढंही मिळवताना काय काय होतं, ते सांगते.

सुरुवात पात्रतेपासून. बहुतेक योजना जागतिक बँकेची यादी वापरतात. दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे चार गट केलेले असतात आणि दर वर्षी १ जुलैला ते नव्याने लागू होतात. सर्वांत खालचे दोन गट सहसा पात्र धरले जातात. भारत निम्न-मध्यम गटात असल्यामुळे माझा अर्ज बसला. यादी वापरायला सोपी आहे, पण तिचं तर्कट विचित्र आहे. एखादा देश वरच्या गटात सरकला की तिथले सगळे संशोधक एका रात्रीत अपात्र होतात. त्यांच्या विद्यापीठाचं ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्रवासाची तरतूद होती तिथेच असते. आणि पाहिला जातो तो अर्जदार काम करतो तो देश, पासपोर्ट नाही. माझ्याच बॅचची एक मैत्रीण श्रीमंत देशात पीएच.डी. करत होती. तिचा अर्ज बाद झाला, आणि मला विचाराल तर तो नियम योग्यच आहे, कारण तिच्या विभागाकडे प्रवासाचे पैसे होते.

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा सारांश, आणि अनुदानाचा अर्ज बरोबरच द्यायचा होता. त्यात एक निवेदन हवं होतं: या परिषदेला आल्याने तुम्हाला, तुमच्या संस्थेला आणि तुमच्या देशाला काय फायदा होईल? तिशीही न गाठलेल्या मुलीने आपल्या संशोधनाचं पोस्टर लावल्याने देशाला काय होणार, हा प्रश्न मला तेव्हाही गमतीचा वाटला. मी देश बाजूला ठेवला आणि तीन गोष्टी लिहिल्या. माझ्या प्रारूपात कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात फ्लोराइड विरघळलेलं राहतं हे नीट उतरत होतं, पण खोल थरांचे आकडे जुळत नव्हते. त्यावर काम करणारे दोन गट या परिषदेला येणार होते. आणि मला त्यांच्याशी बोलायचं होतं. पुढे निवड समितीत बसल्यावर कळलं की असं नेमकं लिहिणारे अर्ज फार थोडे असतात. बाकीचे ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ आणि ‘क्षमतावृद्धी’ यांनी भरलेले असतात. तसे शब्द जाहिरातीतच दिलेले असल्यामुळे लोक ते परत करतात, त्यांचा दोष नाही.

शिफारसपत्राचं आमच्याकडे नेहमीचंच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “तू मसुदा कर, मी बघतो.” स्वतःची स्तुती तृतीयपुरुषी लिहायची, तीही फार नाही आणि कमीही नाही. सरांनी त्यात एक विशेषण वाढवलं, दोन काढली आणि सही केली.

अंदाजपत्रकाच्या तक्त्यात एक रकाना होता: इतर स्रोतांतून मिळणारी रक्कम. तिथे शून्य लिहिलं तर समितीला वाटतं की उरलेले पैसे उभे न राहिल्याने हा माणूस येणारच नाही. रक्कम लिहिली तर तेवढी अनुदानातून वजा होते. मी ‘संस्थेकडे अर्ज केला आहे, निर्णय प्रलंबित’ असं लिहिलं, आणि ते खरंही होतं.

निकाल आला तो अर्धामुर्धा. नोंदणी शुल्क माफ, राहण्याची सोय आयोजकांकडून, प्रवासखर्च एका मर्यादेपर्यंत आणि तोही नंतर. इथे एक मत सांगून टाकते. नोंदणी शुल्क माफ करणं आयोजकांना सर्वांत सोपं, कारण त्यात त्यांच्या खिशातून फारसं काही जात नाही. सभागृह भाड्याने घेतलेलंच असतं. काही परिषदा एवढ्यावरच ‘विकसनशील देशांसाठी साहाय्य’ असं जाहीर करतात. विमानाचं तिकीट ज्याला परवडत नाही, त्याला दारातलं शुल्क माफ करून काय मिळतं? ट्रिएस्टच्या केंद्रात शुल्क नसतंच, आणि विकसनशील देशांतल्या सहभागींच्या प्रवासासाठीही, मर्यादित का होईना, पैसा ठेवलेला असतो. सोलमध्ये २०१४ साली झालेल्या गणितज्ञांच्या जागतिक अधिवेशनासाठी कोरियाने विकसनशील देशांतल्या एक हजार गणितज्ञांना आणण्याचा संकल्प केला होता. मनावर घेतलं तर करता येतं, एवढंच.

मी संस्थेच्या लेखा विभागात ॲडव्हान्स मागायला गेले. तिथले बाबू सभ्य होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, हे पैसे तुम्हाला परदेशातली संस्था देणार आहे. मग ॲडव्हान्स आम्ही कशाच्या हेडखाली दाखवायचा?” नियमाने त्यांचं बरोबर होतं. परदेशी संस्थेचं म्हणणं, आधी खर्च दाखवा; आमच्या संस्थेचं म्हणणं, खर्च आमचा नाही. दोघांच्या मध्ये फेलोशिपवर जगणारी मी, आणि फेलोशिपही उशिरा जमा होणारी. तिकीट शेवटी सरांच्या क्रेडिट कार्डावर निघालं. प्रत्येकाला असे सर नसतात. मला ठाऊक असलेल्या निदान दोघांनी मंजूर झालेलं अनुदान याच टप्प्यावर सोडून दिलं. आयोजकांच्या अहवालात त्यांची नोंद ‘वैयक्तिक कारणाने अनुपस्थित’ अशी झाली असणार.

मग व्हिसा. या भागाचे नियम थोडे सविस्तर सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

परिषद शेंगेन देशात होती, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकात. शेंगेनचा अर्ज आता प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले आहेत, पण वकिलातीला वाटलं तर ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. कागदावर हे आरामाचं दिसतं. अडचण अर्ज द्यायची वेळ मिळवण्यात आहे, आणि त्याहून मोठी अडचण आयोजकांच्या वेळापत्रकात आहे. ॲबस्ट्रॅक्टचा निकाल आधी, त्यावर अवलंबून अनुदानाचा निकाल, त्यानंतर निमंत्रणपत्र. युरोपातल्या माणसाला ते पत्र परिषदेच्या आठवडाभर आधी मिळालं तरी चालतं. आम्हाला ते तेव्हा मिळालं तर वरातीमागून घोडं. मी निकालाची वाट न पाहता आयोजकांना लिहून कळवलं की अनुदान मिळो न मिळो, ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं निमंत्रणपत्र लगेच द्या. दिलं त्यांनी. विचारल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

दुसरी गोष्ट शुल्काची. शेंगेन व्हिसाचं शुल्क २०२० पासून ८० युरो होतं, जून २०२४ पासून ९० झालं. पण वैज्ञानिक परिषदेला किंवा संशोधनासाठी जाणाऱ्या संशोधकांना ते माफ आहे. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेतच, सोळाव्या कलमात, तसं लिहिलंय. फक्त वकिलातीच्या वतीने अर्ज घेणाऱ्या बाहेरच्या केंद्राचा सेवाआकार द्यावा लागतो. मी कलमाची प्रत छापून नेली होती. खिडकीवरच्या मुलीला ही तरतूद माहीत नव्हती. ती आत जाऊन विचारून आली आणि काही न बोलता शुल्काच्या रकमेवर काट मारली. शोधनिबंध शोधून वाचणारे आपण लोक, पण हे कलम वाचलेला संशोधक मला अजून भेटायचाय.

तिसरी गोष्ट बँकेच्या स्टेटमेंटची. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो, तो सहज मिळतो. उदरनिर्वाहाचा पुरावा दाखवणं जड जातं. माझ्या खात्यात जे होतं ते पाहून कुठल्याही अधिकाऱ्याला ही बाई तिथे काय खाणार असा प्रश्न पडला असता. अनुदानाच्या पत्रात पैसे ‘नंतर’ मिळतील असं होतं, म्हणजे पुरावा म्हणून ते कुचकामी. मी आयोजकांकडून पत्र बदलून घेतलं. त्यात एकच वाक्य वाढवलं: निवासाचा पूर्ण खर्च आयोजक थेट भरणार आहेत आणि रोजचा भत्ता परिषदेच्या ठिकाणी रोख देणार आहेत. दोन्ही गोष्टी आधीपासून ठरलेल्याच होत्या, फक्त पत्रात नव्हत्या. अनुदान मिळालेल्या कुणालाही मी आता पहिला सल्ला हाच देते. तिकीटही आधी पक्कं काढावं लागत नाही, आरक्षण दाखवलेलं चालतं. आमच्यापैकी निम्मे लोक घाबरून आधीच पक्कं तिकीट काढतात आणि व्हिसा नाकारला गेला की ते पैसे बुडतात.

माझा व्हिसा परिषदेच्या तोंडावर आला. तो आल्यावरच सरांनी कार्ड काढलं.

परिषदेबद्दल फार लिहीत नाही, कारण परिषदा सगळीकडे सारख्याच असतात. पण पोस्टरच्या दालनातला एक तास सांगायला हवा. माझ्या शेजारच्या फळीवर फक्त क्रमांक होता. पोस्टर नाही, माणूस नाही. पलीकडे टांझानियाचा एक संशोधक उभा होता, त्याने सांगितलं की ती फळी त्याच्या सहकारी बाईंची. त्यांना व्हिसा नाकारला. कारण काय, तर छापील फॉर्मवरच्या एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका. बाई विद्यापीठात कायम नोकरीवर होत्या आणि त्यांच्या ॲबस्ट्रॅक्टला तोंडी सादरीकरणही देऊ केलेलं होतं, तेही गेलं. त्या रिकाम्या फळीसमोर उभं राहून आम्ही दोघे फ्लोराइडबद्दल बोलत राहिलो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत ज्वालामुखी खडकांमुळे फ्लोराइड भरपूर. माझे नमुने ग्रॅनाइटी प्रदेशातले. दोन्हीकडचे खोल थरांचे आकडे एकाच दिशेने चुकत होते! त्याचा अंदाज होता की विहिरीत वेगवेगळ्या थरांचं पाणी मिसळतंय आणि आम्ही दोघंही ते एकाच थराचं समजून मोजतोय. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या तासातून निघालं. ज्या शहरात फ्लोराइडचा प्रश्नच नाही, तिथे फ्लोराइडने गांजलेल्या दोन प्रदेशांची माणसं भेटली. एकमेकांकडे थेट जायला आमच्यापैकी कुणालाच अनुदान मिळालं नसतं.

अशा रिकाम्या फळ्या ही अपवादाची गोष्ट नाही. २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेला आफ्रिकेतले कित्येक प्रतिनिधी व्हिसाअभावी पोचू शकले नाहीत, आणि एड्सची सर्वांत मोठी झळ तर आफ्रिकेलाच बसलेली. मशीन लर्निंगमधली एक मोठी परिषद याच त्रासातून धडा घेऊन २०२० मध्ये अदिस अबाबाला भरायची होती. कोविडच्या साथीमुळे ती ऑनलाइन झाली, आणि २०२३ मध्ये किगालीला भरली. जागा बदलणं हा अनुदानापेक्षा चांगला उपाय आहे असं मला वाटू लागलंय, पण तो प्रत्येक वर्षी होत नाही. ‘मग ऑनलाइन या’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ऑनलाइन पोस्टरसमोर तासभर उभं राहिलेलं कुणी पाहिलंय का?

परत आल्यावर पैशांचा अध्याय सुरू झाला. आयोजकांच्या संकेतस्थळावर खात्याचा तपशील भरायचा होता आणि त्यात आयबॅन या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा रकाना सक्तीचा होता. युरोपात प्रत्येक खात्याला तो असतो. भारतात ही पद्धतच नाही. आपल्याकडे खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना, खाते क्रमांक लिहिला तर चुकीचा म्हणून परत. गरीब देशांसाठीच्या योजनेचा अर्ज गरीब देशांतल्या बँका डोळ्यांसमोर न ठेवता बनवलेला होता. कागदी अर्ज मागवला, तो पाठवला. मग बोर्डिंग पास. मी दोन्ही बाजूंचे कागदी पास मुद्दाम छापून घेऊन जपले होते, कारण मोबाइलवरचा पास नंतर ॲपमधून निघून जातो. पैसे आले ते सर्व जण विसरून गेल्यावर, आणि मधल्या बँकेने आपला वाटा काढून घेतल्यावर. पाठवणाऱ्याने सगळा आकार स्वतः सोसायचा पर्याय निवडला तर पूर्ण रक्कम पोचते. तो पर्याय निवडायला कुणाला सुचत नाही. सरांना मी पूर्ण रक्कम परत केली, फरक माझा.

काही वर्षांनी त्याच विषयातल्या एका संघटनेने मला अनुदान समितीवर घेतलं, आणि टेबलाची दुसरी बाजू पाहायला मिळाली. तिथे खलनायक कुणी नव्हतं. स्वतःची नोकरी सांभाळून रात्री अर्ज वाचणारी चार माणसं, पैसे मोजके, आणि त्याच्या अनेक पट अर्ज. पहिला वाद ठरलेला: थोड्यांना पूर्ण द्यायचं की बऱ्याच जणांना थोडं थोडं? थोडं थोडं दिलं की अहवालात देशांची यादी लांबलचक दिसते. मी पूर्ण देण्याच्या बाजूने बोलले आणि बोलत राहीन. अर्धं तिकीट काढून अर्ध्या समुद्रापर्यंत जाता येत नाही. अर्धं अनुदान त्यालाच उपयोगी पडतं ज्याच्याकडे उरलेलं अर्धं आहे, म्हणजे राजधानीतल्या मोठ्या संस्थेतल्या माणसाला. लहान विद्यापीठातली मुलगी आपोआप गळते.

दुसरा वाद भाषेचा. नामवंत प्रयोगशाळांतून आलेले अर्ज सफाईदार असतात, कारण तिथे आधी चार जणांनी तसे अर्ज केलेले असतात आणि नमुना हाताशी असतो. ओबडधोबड इंग्रजीतल्या अर्जांना गुण कमी पडत. आम्ही निवेदनाचे गुण कमी करून ॲबस्ट्रॅक्टचे वाढवले आणि ‘यापूर्वी परदेशातल्या परिषदेला गेला आहात का’ हा प्रश्न घातला. नाही म्हणणाऱ्याला प्राधान्य. यादी बदलली, बऱ्यापैकी बदलली.

तिकीट संघटनेनेच काढून द्यावं, हा माझा आग्रह. खजिनदारांचा त्याला विरोध होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं: व्हिसा नाकारला गेला तर तिकीट वाया, ऑडिटर विचारणार, आणि पुढच्या वर्षी तेवढे पैसे कमी. मी म्हटलं, आज तो धोका नाहीसा झालेला नाही, तो फक्त ज्याला झेपत नाही त्याच्या अंगावर टाकलाय. शेवटी तोडगा निघाला. निकाल आधी लावायचा, निमंत्रणपत्रात कोण काय भरणार ते स्पष्ट लिहायचं, व्हिसा हातात आल्यावर संघटनेच्या ट्रॅव्हल एजंटने तिकीट काढायचं, आणि भत्ता पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर रोख द्यायचा. व्हिसाला जाताना लागणारा विमा आणि सेवाआकार मात्र अजून अर्जदारच भरतो, आणि व्हिसा नाकारला गेला तर हा खर्च परत मिळत नाही.

तेवढ्यासाठी मी आता वेगळी रक्कम मागितली आहे. खजिनदारांनी विचारलंय की व्हिसा नाकारल्याचा फॉर्म हा खर्चाचा पुरावा म्हणून धरायचा का. मी धरावा असं कळवलंय. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय सातवा आहे.